बर्मिंगहॅमची बॅक टू बॅक घरं: नक्की जा, पण आधी बुकिंग करा

नॅशनल ट्रस्टने (जुन्या वास्तू जपणारी ब्रिटिश संस्था) ही हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची घरं 2004 साली लोकांना बघायला उघडली, शहरात अंगणाभोवती अशा घरांचा चौक म्हणे एवढा एकच उरलाय. पाठीला पाठ लावून बांधलेली, मागे खिडकी नाही की दार नाही, आणि अंगण, संडास, कपडे धुवायची खोली सगळं सामाईक, म्हणजे पोरांचं खेळणंही तिथेच नि आयांची भांडणंही तिथेच!

फक्त गाईडसोबतच फिरता येतं. 1840, 1870, 1930 आणि 1970 अशा चार काळांत घरं सजवलीत. 1870 च्या घरात काचेचे डोळे बनवणारं कुटुंब राहायचं, हे ऐकून आमची पोरं एकदम गप्प झाली 😄 एका पलंगावर किती भावंडं झोपायची ते नुसतं वाचून कळत नाही हो, ती खोली बघितली की कळतं. मला स्वतःला मात्र सेंट किट्स या कॅरिबियन बेटावरून आलेल्या जॉर्ज साँडर्स या शिंप्याचं दुकान जास्त आवडलं, कारण ते 2001 पर्यंत खरंच चालू होतं, त्यामुळे म्युझियम वाटतच नाही.

जिने फार अरुंद आणि उभे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. कोपऱ्यावर 1930 च्या स्टाईलचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान आहे, पोरं तिथून हलत नाहीत.