अभिरूप हाऊस ऑफ कॉमन्समधला नवा उजवा पक्ष : भाषणे उत्तम, विधेयके कच्ची

ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या धर्तीवर चालणाऱ्या या अभिरूप, म्हणजे लुटुपुटीच्या, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये आजवर उजव्या बाजूला एकच मोठा पक्ष होता आणि त्याचे धोरण ज्यांना फार मवाळ वाटे, त्यांना अपक्ष बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या निवडणुकीच्या तोंडावर एक नवा पक्ष उभा राहिला. कमी कर, आटोपशीर सरकार, स्थलांतरावर कडक नियंत्रण आणि कुटुंब व परंपरा यांना पाठबळ ही त्याच्या जाहीरनाम्याची चौकट आहे. त्याचे एक संपूर्ण अधिवेशन मी त्याच्याच मागच्या बाकांवर बसून पाहिले. हे परीक्षण त्याच्या विचारसरणीचे नाही. ती कोणाला पटो वा न पटो, संसदेत उतरू इच्छिणाऱ्याच्या पदरात हा पक्ष काय टाकतो, एवढाच येथे प्रश्न आहे.

सुरुवातीची व्यवस्था चोख आहे. सदस्यत्व लगेच मिळते, प्रतोद आपणहून संपर्क साधतात आणि कामकाजाचे नियम नवख्याला समजतील अशा भाषेत सांगितले जातात. पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी तर या पक्षाची कामगिरी सभागृहात सर्वांत उठून दिसते. प्रश्न छोटे असतात, एका प्रश्नात एकच मुद्दा असतो आणि पंतप्रधानांनी टाळाटाळ केली की पुढचा सदस्य तोच धागा पकडून पूरक प्रश्न विचारतो. एवढा ताळमेळ जुन्या पक्षांनाही जमलेला नाही.

अडचण सुरू होते ती कायदा करण्याची वेळ आल्यावर. पक्षाचे पहिले मोठे विधेयक रविवारच्या दुकानांविषयीचे होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1994 च्या रविवार व्यापार कायद्यानुसार 280 चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात सलग सहा तासच उघडे राहता येते. हा कायदा सरसकट रद्द करावा, असे पक्षाचे म्हणणे होते. विधेयक अवघ्या तीन कलमांचे होते आणि त्यातल्या दुसऱ्या कलमात ते संपूर्ण युनायटेड किंग्डमला लागू होईल असे लिहिले होते. स्कॉटलंडमध्ये दुकाने उघडण्यावर असे बंधन मुळातच नाही, आणि उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा असून तेथे मोठ्या दुकानांना रविवारी दुपारी एक ते सहा एवढाच वेळ मिळतो. तेव्हा 1994 चा कायदा रद्द करून उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट इथल्या दुकानदाराला काय मिळणार, असे एका विरोधी सदस्याने विचारले आणि विधेयक मांडणाऱ्यांना उत्तर देता आले नाही. रविवारी काम नाकारण्याचा दुकान कर्मचाऱ्यांचा हक्क 1996 च्या रोजगार हक्क कायद्यात आहे. तो तसाच ठेवायचा की नाही, याविषयी मसुद्यात एक अक्षरही नव्हते. एखादी संध्याकाळ जुने कायदे चाळण्यात घालवली असती, तर हे सगळे टळले असते.

तरीही मसुद्यातले दोष दुरुस्तीने निघाले असते. विधेयक बुडाले ते स्वपक्षातूनच. दुसऱ्या वाचनावरील, म्हणजे विधेयकाच्या मूळ तत्त्वावरील, चर्चेत पक्षाच्या अर्थविषयक प्रवक्त्याने बाजाराच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि त्यानंतर लगेच त्याच पक्षाच्या कुटुंबविषयक प्रवक्त्याने उभे राहून रविवार हा घराचा, विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस असल्याचे सांगितले. दोन्ही भाषणे जाहीरनाम्याला धरूनच होती! प्रतोदांनी आधी पक्षादेश काढला, मग तो मागे घेऊन सदस्यांना मोकळीक दिली आणि मतविभागणीत पक्ष उभा चिरला गेला.

ब्रिटिश उजव्या राजकारणाचा इतिहास माहीत असलेल्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. धान्यावरील आयातकर रद्द करण्याच्या प्रश्नावर 1846 मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष असाच फुटला होता. रविवारच्याच प्रश्नावर एप्रिल 1986 मध्ये थॅचर सरकारचे दुकानविषयक विधेयक दुसऱ्या वाचनात 14 मतांनी पडले. सरकारकडे तेव्हा भक्कम बहुमत होते, पण सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचेच 72 खासदार विरोधात गेले. पुढे 2016 मध्ये कॅमेरून सरकारने वेळेची बंधने सैल करण्याचा प्रयत्न केला, तोही 31 मतांनी फसला. ज्या वाटेवर इतके अपघात झाले आहेत, तीच वाट एका नव्या पक्षाने पहिल्या विधेयकासाठी निवडली आणि निवडण्याआधी आपल्याच सदस्यांना विचारलेही नाही, हे मला अक्षम्य वाटते. बाजार आणि परंपरा यांच्यात तंटा झाला तर कोणाचे ऐकायचे, याचा निर्णय नेतृत्वाने अजूनही घेतलेला नाही.

याचा काही दोष मात्र या अभिरूप संसदेच्या रचनेकडेही जातो. येथे जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. खऱ्या कॉमन्ससाठी प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवारच निवडून येतो. तिथे 2015 साली युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप पक्षाला 12.6 टक्के मते मिळून एकच जागा मिळाली. 2024 मध्ये रिफॉर्म यूके पक्षाला 14.3 टक्के मतांवर 5 जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाने 12.2 टक्के मतांवर 72 जिंकल्या. त्या पद्धतीत नव्या पक्षाला मतदारसंघ निवडावे लागतात, तिथल्या माणसांना काय हवे ते पाहावे लागते आणि त्या ओघात पक्षांतर्गत मतभेद निवडणुकीआधीच उघडे पडतात. येथे ती कसोटी नसल्यामुळे सर्वांना खूश करणारा जाहीरनामा घेऊन पक्ष थेट सभागृहात येऊन बसला.

अर्थसंकल्पाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पर्यायी अर्थसंकल्पात प्राप्तिकर कमी केला आहे, संरक्षणाचा खर्च वाढवला आहे आणि मधली तूट कशी भरणार याचा रकाना कोरा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये लिझ ट्रस सरकारने स्वतंत्र संस्थेकडून आर्थिक अंदाज न मागवता सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, तेव्हा सरकारी रोख्यांचा बाजार कसा कोसळला, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि विरोधक ते दर चर्चेत ऐकवतात.

वादविवादाची आवड असलेल्याने या पक्षात जरूर यावे; बोलण्याची इतकी संधी दुसरीकडे मिळणार नाही. कायदा घडवण्यात ज्याला रस आहे, त्याने मात्र प्रवेशापूर्वी नेतृत्वाला पुढच्या विधेयकाचा मसुदा दाखवायला सांगावे. सध्या प्रवक्तेपदांसाठी रांग लागली आहे आणि मसुदा समितीत एकच सदस्य आहे.