ऑनलाइन कव्हर-मेकरचे मॅगझिन टेम्प्लेट्स: दिसायला झकास, छापायला त्रास

नाव घेत नाही, पण ब्राउझरमध्येच मॅगझिनचं कव्हर बनवून देणारी एक सर्व्हिस आहे, तिचा पेड प्लॅन घेऊन आमच्या छोट्या अंकासाठी टेम्प्लेट्स वापरले. पहिलं इम्प्रेशन भारीच. वर मोठ्ठं मास्टहेड (अंकाचं नाव), मधे थेट आपल्याकडे बघणारा चेहरा, बाजूला कव्हरलाइन्स (आतल्या लेखांची ओळख देणाऱ्या ओळी), खाली कोपऱ्यात बारकोड, कोणीही म्हणेल हो, मॅगझिनच आहे. फोटोतलं बॅकग्राउंड काढायचं टूल पण चांगलंय, केसांच्या कडासुद्धा बऱ्यापैकी स्वच्छ येतात.

पण जरा वापरलं की लक्षात येतं, बनवणाऱ्यांनी कव्हरं नुसती बघितलीयत, कुठली गोष्ट तिथेच का असते हे बघितलेलं नाही. फोटोतलं डोकं मास्टहेडवर चढतं तेच घ्या ना. टाइम मॅगझिनला ते चालतं कारण एखाददुसरं अक्षर झाकलं गेलं तरी लोक ओळखतात, शिवाय १९२७ पासूनची ती लाल चौकट आहेच, नॅशनल जिओग्राफिकची पिवळी तर १९१० पासूनची, नाव वाचायच्या आधीच लांबून अंक कळतो. ज्या अंकाचं नावच अजून कुणी ऐकलेलं नाही त्याने ते झाकून काय मिळवायचं? आणि इथे डिफॉल्टच झाकलेलं. फोटोचा लेयर (थर) खाली-वर करता येतो म्हणा, पण शोधावा लागतो.

देवनागरीत तर अजून मजा. टेम्प्लेट्स सगळे इंग्रजी कॅपिटल्स धरून केलेत, म्हणजे वर-खाली काही नाही, सरळ ठोकळा. आपल्याकडे वेलांटी, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, त्यामुळे टेक्स्टबॉक्सची उंची पुरत नाही आणि वेलांट्यांचे शेंडे छाटले जातात. अक्षरांमधलं अंतर वाढवून जो तो पॉश लुक आणलाय ना, त्यात मराठी टाकलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे दिसतात, ते अंतर आधी शून्य करा. कॅपिटल्स हा प्रकारच नसल्यामुळे कुठली ओळ मुख्य नि कुठली दुय्यम हे फक्त साइझ आणि ठळकपणावर दाखवायचं, आणि मराठी फॉन्ट जे दिलेत त्यातल्या बऱ्याच जणांना वजनं दोनच, रेग्युलर आणि बोल्ड. मग काय दाखवणार.

कव्हरलाइन्स बहुतेक टेम्प्लेटमध्ये उजवीकडे आहेत. स्टँडवर अंक एकावर एक सरकवून लावतात तेव्हा डावीकडची पट्टीच दिसते, म्हणून मुख्य ओळी डावीकडे घ्यायची जुनी पद्धत. स्क्रीनवरच वाचला जाणारा अंक असेल तर हा मुद्दा बाद, पण मग थंबनेलमध्ये त्या सहा-सात बारीक ओळी वाचताच येत नाहीत, एकच मोठी ओळ पाहिजे. म्हणजे हे टेम्प्लेट ना स्टँडचे ना मोबाइलचे.

बारकोड तर निव्वळ दागिना! नियतकालिकाचा खरा बारकोड ९७७ ने सुरू होतो, त्यात आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) असतो, शेजारी अंक क्रमांकासाठी दोन किंवा पाच आकड्यांचा छोटा जोड असतो, आणि भोवती कोरी जागा सोडावीच लागते. इथे गडद पार्श्वभूमीवर फिकट सोनेरी रेघा, कुठला स्कॅनर वाचणार ते? दुकानात विकायचा नसेल तर अंकाला बारकोड लागतच नाही, सरळ डिलीट करा, तेवढीच फोटोला जागा.

छपाईचं बोलायचं तर एक्सपोर्टमध्ये ३ मिमी ब्लीडचा (कापताना जाणाऱ्या जादा कडेचा) ऑप्शन आहे, छान, पण टेम्प्लेटचं बॅकग्राउंड कटिंगच्या रेषेवरच संपतं, मग ब्लीडमध्ये काय जाणार, पांढरी पट्टी. ते हाताने ओढून मोठं करावं लागतं. रंग आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगांत) बाहेर येतात, स्क्रीनवरचा झगझगीत निळा सीएमवायकेत (छपाईच्या शाईंत) मलूल पडतो. आणि कणा (अंकाची बांधणीकडची कड) नाहीच! पिन मारलेल्या अंकाला चालेल, पण परफेक्ट बाइंडिंग (पानं गोंदाने चिकटवलेली बांधणी) असेल तर मागचं पान, कणा आणि पुढचं पान एकत्र लागतं आणि कण्याची रुंदी पानं नि कागद ठरल्यावरच कळते, ते सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावं लागलं.

पीडीएफ अंक किंवा पोस्टपुरतं हवं असेल तर घ्या, काम पटकन होतं. पैसे भरायच्या आधी फ्री व्हर्जनमध्ये अंकाचं नाव मोठ्या साइझमध्ये टाइप करून बघा, वेलांट्या कापल्या जातायत का ते तिथेच कळतं.