श्टुटगार्टच्या घरातली खिडकी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही ऑक्टोबरमध्ये इथे जर्मनीत राहायला आलो. पुण्याच्या घरी सरकती खिडकी, बाहेर ग्रिल, आत मच्छरजाळी. इथे यातलं काहीच नाही, खिडकी दारासारखी आत उघडते. मूठ खाली असली की बंद, आडवी केली की सताड उघडी, वर केली की नुसती वरची कड आत झुकते.

दुसऱ्याच आठवड्यात मी उघड्या खिडकीची मूठ वर फिरवली आणि अख्खं तावदान वरून सुटून खालच्या बिजागरीवर लटकलं. वजन एवढं की धरून हात थरथरायला लागले. शेजारच्या आजी आल्या, वरचा कोपरा चौकटीला दाबून धरला, मूठ आडवी केली, खिडकी जागेवर! आधी पूर्ण लावायची, मगच मूठ फिरवायची.

खरी परीक्षा थंडीत. दुहेरी काच, कडेने रबर, त्यामुळे लावली की ट्रामसुद्धा ऐकू येत नाही. पण कुकरची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, सगळी ओल आतच कोंडते. डिसेंबरात सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचायचं. जानेवारीत कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी. फार वाईट वाटलं, कारण मी दिवसभर खिडकी झुकवून ठेवत होते. त्यानं हवा फारशी बदलत नाही, आजूबाजूची भिंत मात्र गार पडते आणि ओल तिथेच धरते.

इथले लोक करतात ते ‘श्टोसल्युफ्टन’ : हीटर बंद, सगळ्या खिडक्या सताड, 5 ते 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. हवा बदलते, भिंती गार पडत नाहीत, घर लगेच पुन्हा उबदार होतं. पोळ्या झाल्या की आता हात आपोआप मुठीकडे जातो. बुरशी परत आलेली नाही.

उन्हाळ्यात उलट. घरात ना पंखा ना एसी. पहाटे सगळं उघडायचं, ऊन चढायच्या आत खिडक्या लावून बाहेरचे रोलाडन, म्हणजे गुंडाळले जाणारे पडद्यासारखे शटर, पट्ट्याने खाली सोडायचे. उकाड्यात खिडकी लावायला मन घेत नव्हतं, पण दुपारी घर खरंच गार राहतं.

काच दोन्ही बाजूंनी आतूनच पुसता येते, हे मला फार आवडलं. जाळी मात्र आपली आपण चिकटवावी लागली. आणि खिडकी आत उघडत असल्यामुळे फळीवर काही ठेवता येत नाही. तुळशीची कुंडी मी रोज तीनदा उचलत होते. आता तिच्यासाठी खिडकीशेजारी स्टूल घेतलंय.