तलवार दिसायला भारी, लागायला हलकी: डेमन स्लेयर, द हिनोकामी क्रॉनिकल्स

आधीच सांगून टाकतो, डेमन स्लेयर या जपानी ॲनिमेवरचा (म्हणजे कार्टून मालिकेवरचा) हा मारामारीचा गेम जुना आहे. ऑक्टोबर २०२१ चा, आणि आता त्याचा दुसरा भागसुद्धा येऊन गेलाय, त्यामुळे "आत्ता जागा झालास का" असं कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. झालं असं की सप्टेंबर २०२५ मध्ये डेमन स्लेयरचा इन्फिनिटी कॅसल हा सिनेमा आपल्याकडे थिएटरला लागला, भाच्याने (नववीत आहे, केस पार डोळ्यांवर) पहाटेच्या शोची तिकिटं काढायला लावली, एरवी ज्या वेळी मी फक्त कूस बदलतो त्या वेळी आम्ही दोघं पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, आणि बाहेर आल्या आल्या पठ्ठ्या म्हणतो, "मामा, आता गेम." मग काय, एका दुकानातून पीएस फोरची सेकंडहँड डिस्क आणली, वर बारीक ओरखडा होता पण चालली. तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी तलवारी निघतायत आणि ताई रोज "आवाज कमी करा रे" म्हणून ओरडतेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तैशो काळातला जपान, म्हणजे १९१२ ते १९२६. तांजिरो नावाचा कोळसा विकणारा पोरगा एक रात्र बाहेर राहतो, सकाळी घरी येतो तर घरातले सगळे मेलेले, एक बहीण नेझुको तेवढी उरलेली पण ती राक्षस झालीय. मग तो राक्षस मारणाऱ्यांच्यात सामील होतो. आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा कारण माझं पुढचं सगळं रडगाणं तिच्यावरच आहे: या गोष्टीतला राक्षस असातसा मरत नाही. हात तोडा, परत येतो. पोट फाडा, भरून येतं. बहुतेक वेळा एकतर त्याला ऊन लागलं पाहिजे, नाहीतर निचिरिन म्हणजे राक्षस मारायच्या खास तलवारीच्या घावाने त्याची मान उडाली पाहिजे. म्हणजे अख्खी मारामारी त्या एका घावापर्यंत पोचण्यासाठी असते.

दिसायला गेम कसा आहे, तर अप्रतिम. इथे मी कंजूषपणा करणार नाही. सायबरकनेक्ट टू म्हणून फुकुओकाची कंपनी आहे, नारुतोचे स्टॉर्म गेम ज्यांनी २००८ पासून काढले तीच, ॲनिमे जसाच्या तसा हलता करून तुमच्या हातात द्यायचं यांचं कसब जुनंच आहे. तांजिरो तलवार फिरवतो तेव्हा तिच्या मागे जे पाणी उठतं ना, ते खरं पाणी नाही, ब्रशने काढलेलं पाणी आहे, काळी जाड रेघ, आत निळा, टोकाला पांढरा फेस, जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रातली होकुसाईची लाट आठवा, तसं. ॲनिमेत युफोटेबल या स्टुडिओने हे केलं तेव्हा लोक वेडे झाले होते, पण तिथे ते एकदा ठरवून काढलेलं चित्र असतं, इथे तुम्ही कधी कुठल्या बाजूला वळाल याचा नेम नसतो आणि तरी ती लाट बरोबर तलवारीच्या पात्याला चिकटून येते. रेंगोकू आणि झेनित्सू हे तांजिरोच्या बाजूचे दुसरे तलवारबाज, रेंगोकूची आग पण तशीच, झेनित्सूची वीज पण तशीच. भाचा पहिल्या दिवशी समोर कोणी नसतानाच हवेत तलवार फिरवत बसला होता, दहा मिनिटं. मी काही बोललो नाही कारण नंतर मी पण तेच केलं.

आता खेळायला कसा.

सोपा आहे. फारच सोपा. मारायचं बटन एकच, चौकोन. तेच बडवत राहायचं, कॉम्बो, म्हणजे घावांची माळ, आपोआप होत जातो, शेवटी स्टिक वर धरली की समोरचा हवेत उडतो, दुसरीकडे धरली की शेवट बदलतो. त्रिकोण दाबला की श्वासाची विद्या, म्हणजे तलवारीचे खास डाव, पाण्याचा पहिला प्रकार, चौथा प्रकार वगैरे, त्याच्यासाठी खाली पाच खणांची एक पट्टी असते, एक डाव टाकला की एक खण जातो आणि थोडं थांबलात की परत भरतो. मग गार्ड आहे (वार अडवणं), पॅरी आहे (ऐन वेळी वार परतवणं), मदतीला दुसरा गडी बोलवायची सोय आहे, बूस्ट आहे (थोडा वेळ ताकद वाढते), आणि शेवटचा मोठा डाव ज्यात पूर्ण ॲनिमेसारखा सीन लागतो. एवढंच. अर्ध्या तासात सगळं येतं. फायटिंग गेम म्हटलं की ज्यांना स्टिक अर्धगोल फिरवून मग बटन वगैरे आठवून पोटात गोळा येतो त्यांच्यासाठी ही चांगली बातमी आहे. माझ्यासाठी पण होती, पहिले चार दिवस.

पाचव्या दिवशी लक्षात आलं की तलवार लागतच नाही. म्हणजे आकडा कमी होतो, समोरच्याची जिवाची पट्टी उतरते, पण हाताला तलवार मारल्यासारखं वाटत नाही, उशी बडवल्यासारखं वाटतं. एका कॉम्बोत दहा-बारा घाव बसतात आणि तो गडी अंग झटकून उभा. अरे बाबा तलवार आहे ती! ज्या गोष्टीत एका घावासाठी पाच-पाच एपिसोड दम धरून बसायचो त्या गोष्टीच्या गेममध्ये मी मिनिटाला पन्नास घाव घालतोय आणि एकाचीही किंमत नाही. मला कळतं की फायटिंग गेममध्ये हे असंच असतं, एका घावात संपवलं तर खेळायचं काय. पण निदान पॅरीला तरी वजन द्यायचं. दोन पाती एकमेकांवर घासली, ठिणगी उडाली, पवित्रा मोडला, असं काहीतरी. इथे पॅरी साधली की समोरचा जरा झोकांडतो आणि आपण परत चौकोन चौकोन चौकोन.

स्टोरी मोडमध्ये मात्र प्रकार वेगळा आहे, थोडा वाईट आणि थोडा खूपच चांगला. आधी वाईट. ॲनिमेचा पहिला सीझन आणि मुगेन ट्रेन हा सिनेमा एवढी गोष्ट आहे, सुरुवातीला साबितो नावाच्या पोराशी मोठ्या दगडापुढची लढाई आणि मग एकेक प्रकरण. प्रत्येक प्रकरणात तुम्हाला एका अरुंद वाटेवरून चालवतात. चालवतात म्हणजे खरंच चालवतात, तांजिरो असा चालतो की जणू दूध आणायला निघालाय, मधेमधे चकाकणारे तुकडे उचलायचे, वास घेत माग काढायचा, दोन किरकोळ राक्षस, परत चाल. वास घेण्याची कल्पना खरं तर छान आहे कारण तांजिरोचं नाकच त्याचं हत्यार आहे, पण गेममध्ये तुम्हाला डोकं लावावंच लागत नाही, वासाची रेघ दिसते, तिच्या मागे जा. आणि गोष्टीतले बरेच प्रसंग पूर्ण दाखवलेले नाहीत, त्या गोळा केलेल्या आठवणींच्या तुकड्यांत स्थिर चित्रं आणि वर निवेदन अशी बोळवण केलीय. ज्याने ॲनिमे पाहिला नाही त्याला काही झेपणार नाही. माझा एक ऑफिसमधला मित्र बघायला बसला होता, तो पंधरा मिनिटांनी विचारतो, "ही पोरगी तोंडात बांबू धरून का फिरते?" गेमच्या भरवशावर त्याला उत्तर मिळालं नसतं, मीच सांगितलं.

आणि चांगलं म्हणजे बॉस, म्हणजे प्रकरणांतले मोठे राक्षस. इथे जीव ओतलाय राव. ढोल बडवून अख्खं घर फिरवणारा क्योगाई, चेंडू फेकणारी सुसामारू आणि तिच्या जोडीचा बाणवाला याहाबा, नातागुमो डोंगरावरचा रुई. यांच्यापुढे चौकोन बडवून भागत नाही, त्यांचा वार येतोय हे बघायचं, बाजूला व्हायचं, फट सापडली की दोनच घाव घालायचे आणि लांब व्हायचं. म्हणजे जे मला समोरासमोरच्या लढाईत हवं होतं ते सगळं इथे आहे! आणि पट्टी संपली की लढाई संपत नाही, मग सुरू होतो बटनांचा सीन, स्क्रीनवर येईल ते बटन वेळेवर दाबायचं, आणि त्यात शेवटी तो मानेवरचा घाव. रुईच्या वेळी, म्हणजे ॲनिमेतला तो गाजलेला एकोणिसावा एपिसोड, पाणी संपून आगीचं नृत्य सुरू होतं ती जागा, तिथे माझा अंगठा घामाने घसरत होता आणि बाजूला भाचा "दाब दाब दाब" करून माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होता. बटनांचे सीन मला एरवी आवडत नाहीत, स्वस्तातली युक्ती वाटते. इथे मात्र बरोबर बसलं कारण त्या एका बटनाला शेवटी एक घाव आणि एक मान असा हिशोब होता.

मुगेन ट्रेनच्या शेवटी तुम्ही रेंगोकू होऊन अकाझा नावाच्या राक्षसाशी लढता. सिनेमा पाहिलेल्यांना माहितीय तिथे काय होतं. तुम्ही पॅड हातात घेऊन जीव तोडून त्या अकाझाला हरवता, पट्टी शून्यावर आणता, आणि मग गोष्ट तिच्या ठरलेल्या वाटेनेच जाते. एरवी असं झालं की मला फसवल्यासारखं वाटतं, जिंकलो मी आणि दाखवलं भलतंच. पण या वेळी आम्ही दोघं गप्प बसलो. भाच्याने पॅड टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेला, बराच वेळ आला नाही.

दोघांचा खेळ, म्हणजे व्हर्सेस. प्रत्येकी दोन गडी घ्यायचे, एक लढतो एक मदतीला. सुरुवातीला १८ पात्रं होती असं सांगतात, पण जरा मोजून बघा, त्यातली ६ म्हणजे तीच माणसं शाळेच्या गणवेशात, किमेत्सू अकॅडमी म्हणून जो गमतीचा प्रकार आहे त्यातली. आणि तांजिरो तीन! पाण्याचा तांजिरो, हिनोकामीचा (त्या आगीच्या नृत्याचा) तांजिरो, शाळेतला तांजिरो. गणपतीच्या वर्गणीत एकाच घरातली तीन नावं लिहिल्यासारखं. राक्षस तर व्हर्सेसला खेळताच येत नव्हते, नंतर फुकट अपडेटने रुई आणि अकाझा आले, मग आणखी काही जुने राक्षसही, आणि ते आले तेव्हा खेळाला खरी चव आली कारण राक्षस मदतीला कोणाला घेत नाही, एकटाच दोघांना भिडतो. उझुई, दाकी, ग्युतारो वगैरे पुढच्या गोष्टीतली मंडळी मात्र पैसे मोजून. मी मोजले नाहीत. डिस्क सेकंडहँड आणि वर पात्रं फर्स्टहँड, हे गणित मला जमत नाही.

पात्रांमध्ये फरक आहे पण वरवर बघितलं तर दिसत नाही. शिनोबू ही राक्षस मारणाऱ्यांतलीच, पण तिच्याकडे मान उडवायची ताकद नाही, ती विष देते, तर गेममध्येही तिचा घाव बसला की समोरच्याची पट्टी हळूहळू गळत राहते, हे कोणीतरी विचार करून केलंय. तांजिरोचा जोडीदार इनोसुके दोन दातेरी तलवारी घेऊन रानडुकरासारखा अंगावर येतो, डोक्यावर रानडुकराचं मुंडकं आहेच. नेझुकोकडे तलवारच नाही, लाथा आणि नखं.

ऑनलाइन मी चार मॅच खेळलो आणि सोडलं. समोरचा लांबचा असला की बटन दाबल्यावर एक श्वास जातो आणि मग गडी हलतो, पाण्याचा श्वास म्हणा हवं तर. आमच्या वायफायचा पण दोष असेल. घरात सोफ्यावर दोघं बसून खेळायला यासारखी मजा नाही, एकट्याने ऑनलाइन रँक चढवायला हा गेम घेऊ नका.

दुसरा भाग ऑगस्ट २०२५ ला आला, त्यात ॲनिमेच्या पुढच्या भागांतली, एंटरटेनमेंट डिस्ट्रिक्टपासून हशिरा ट्रेनिंगपर्यंतची गोष्ट आणि चाळीसच्या वर पात्रं आहेत. नवीनच घ्यायचा असेल आणि गोष्ट पाठ असेल तर सरळ तोच बघा. पण पाणी, रुई आणि रेंगोकू या भागात आहेत, आणि हा आता सेलमध्ये किंवा सेकंडहँड स्वस्तात मिळतो. पूर्ण किमतीला मी घेतला नसता. स्टोरी आमची दोन संध्याकाळीत संपली, तीही पूर्ण वेळ न बसता.

हिंदीत आवाज नाहीत, सिनेमा हिंदीत पाहून आलेल्यांनी ही अपेक्षा ठेवू नका. जपानी आवाज लावा, खाली इंग्लिश सबटायटल वाचा. इंग्लिश आवाज वाईट नाहीत पण झेनित्सूचं किंचाळणं जपानीतच शोभतं.

काल रात्री मी मुराता निवडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुराता म्हणजे फौजेतला साधा शिपाई गडी, कोणाचा लाडका नाही, केस तेवढे चमकदार. भाच्याने रेंगोकू घेतला आणि हसत बसला. पहिली फेरी त्याने घेतली. दुसऱ्या फेरीत मी चौकोन बडवायचं बंद केलं, नुसता गार्ड धरून लांब राहिलो, तो मोठा डाव टाकून रिकामा झाला की दोन घाव, परत लांब. बॉसशी लढतो तसं. जिंकलो. तिसरी पण जिंकलो. आता तो म्हणतो मुराता बॅन करायचा.