फ्रीजरसाठी पिशव्या: साध्या घ्याव्यात की झिपच्या?

थंडी पडली की जळगाव-धुळ्याच्या बाजारात तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे आणि असोदा-बामणोदची भरिताची वांगी एकदमच येतात. हंगाम थोडा, म्हणून फ्रीजर भरायची घाई. पिशव्या मात्र कोणत्या घ्यायच्या, वजनावर मिळणाऱ्या साध्या की झिपच्या? माझं मत आधीच सांगते: बहुतेक घरांना साध्या पुरतात. फक्त साध्यांतही दोन जाती आहेत, आणि गफलत तिथेच होते.

एक काचेसारखी स्वच्छ, चुरगाळली की कडकड वाजणारी. ही पॉलिप्रॉपिलीनची. शेव-फरसाणाला उत्तम, पण फ्रीजरच्या गारठ्यात ती ताठरते आणि ओढाताणीत तडकते. दुसरी किंचित धुरकट, मऊ, ओढली तर ताणली जाणारी. ही एलडीपीईची, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनची, उणे १८ अंशालाही लवचिक राहते. पाकिटावर त्रिकोणात ४ आकडा असेल तर एलडीपीई, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं बघूनच घ्या. काळ्या-रंगीत पिशव्यांत अन्न ठेवूच नका.

झिपची पिशवी कितीतरी महाग पडते, तरी तुरीच्या दाण्यांना आणि वाटाण्याला तीच घ्या. खिचडीत मूठभर, भाजीत मूठभर, असं रोज उघडायचं असतं. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात काढा, कापडावर कोरडे करा आणि मगच भरा. झिपच्या खाचेत एखादं साल अडकलं तरी हवा आत जाते, आणि काही दिवसांत दाणे सुरकुततात, पांढरट पडतात. खाच पुसून, बोट दाबत शेवटपर्यंत न्यायचं.

भरिताला मात्र साधीच पिशवी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, ठेचून गर पूर्ण गार होऊ द्या. एका जेवणापुरता गर भरा आणि पिशवी हाताने थापून सपाट करा, म्हणजे हवाही निघते. कांद्याची पात, शेंगदाणे, फोडणी हे सगळं खायच्या दिवशी. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते, आणि सिंगल डोअर फ्रीजच्या एवढ्याशा कप्प्यात अशा कितीतरी उभ्या मावतात. गाठ मारण्यात पिशवी वाया जाते, रबर सैल पडतो. त्यापेक्षा तोंडाची कड हॅक्सॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळून सरळ फिरवा. कड वितळून पक्की चिकटते. पिशवी पुन्हा उघडायचीच नाही, तर झिपचे पैसे कशाला?

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आमरस उरला तर त्यालाही साधीच, पण दुहेरी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे वर दोन बोटं जागा सोडा. झिप अशा फुगण्याने उघडू शकते. रस्सा-आमटीला स्टीलचा डबाच बरा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वापरू नका, तिच्या कोपऱ्यातला स्निग्धपणा निघत नाही.

लोडशेडिंगच्या दिवसांत सपाट पिशव्यांची एक अडचण आहे: त्या सुट्या ठेवल्या तर लवकर वितळतात. एकमेकींना चिकटून, गच्च रचा आणि वीज येईपर्यंत दार उघडू नका. जी पिशवी मऊ पडली असेल, पण हाताला अजून फ्रीजमधल्यासारखी गार लागत असेल, ती त्याच दिवशी शिजवा. तेवढी गार न राहिलेली टाकून द्या.