फ्लेम मेपलची गिटार घेताना: अख्खा टॉप की विनियर, लॅकर की पीयू

माझा भाचा दोन वर्षांपासून चांगल्या इलेक्ट्रिक गिटारसाठी पैसे साठवतोय. गेल्या महिन्यात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला आणि मोबाइल पुढे धरून म्हणाला, "मामा, या दोन्ही सारख्याच दिसतात. मग एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट कशी रे?" दोन्हींच्या टॉपवर, म्हणजे बॉडीच्या पुढच्या फळीवर, मधाच्या रंगात आडव्या लाटा होत्या. फोटोत मलाही फरक दिसेना. हातात घेतल्यावर दिसला असता, आणि तो कुठे बघायचा हे माहीत नसलं तर माणूस चुकीच्या गोष्टीला पैसे मोजतो.

या लाटांनाच फ्लेम म्हणतात, पण फ्लेम हा रंग नाही. मेपलच्या काही झाडांत लाकडाचे तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वळत वाढतात. अशा झाडाची फळी कापली की एका पट्टीत तंतू आडवे पडलेले असतात, तर शेजारच्या पट्टीत त्यांची टोकं पृष्ठभागावर येतात. आडवे तंतू प्रकाश परत फेकतात, टोकं तो आत घेतात. म्हणून एक पट्टी उजळ आणि एक गडद दिसते. गिटार थोडी कलती केली की प्रकाशाचा कोन बदलतो आणि उजळ पट्टी गडद होते, गडद उजळते. लसण्या खड्यातली रेघ हलते किंवा धूपछाव पैठणीचा पदर वळवला की रंग बदलतो, तसंच हे. व्हायोलिनच्या पाठीला हेच लाकूड शतकानुशतकं वापरतात ते याच खेळासाठी.

यातूनच पहिली परीक्षा निघते. दुकानातला दिवा डोक्यावर असतो, त्यात काही कळत नाही. मोबाइलची बॅटरी लावा, टॉपपासून वीतभर लांब धरा आणि डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. लाटा सरकल्या तर लाकूड खरं. त्या जागच्या जागी राहिल्या तर समोर छापील चित्र आहे. टॉप दोन तुकड्यांचा असेल तर आणखी एक गंमत दिसेल. एकच फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडलेली असते, त्यामुळे एका बाजूचे तंतू दुसऱ्या बाजूच्या नेमके उलट कलतात. डावीकडची पट्टी चमकते तेव्हा तिच्या समोरची उजवी पट्टी बहुधा अंधारात असते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पंधरा मिनिटं गिटार वाजवलीच नाही, नुसती फिरवत बसलो होतो.

बाजारात तीन गोष्टी मिळतात. पहिली अख्खा टॉप, म्हणजे महोगनीसारख्या लाकडावर चिकटवलेली मेपलची जाड फळी. कोरलेल्या बॉडीत ती मध्यभागी साधारण दीड सेंटीमीटर भरते आणि कडेकडे पातळ होत जाते. दुसरी विनियर, म्हणजे मिलीमीटरपेक्षाही पातळ पापुद्रा. तो साध्या मेपलवर किंवा दुसऱ्या लाकडावर बसवतात. तिसरी छापील फिल्म. १९९०च्या दशकात फेंडर कंपनीच्या जपानमध्ये बनलेल्या काही गिटारींवर अशी फोटो-फ्लेम होती. तिसऱ्या प्रकारात माझं मन रमत नाही. फ्लेमचं सगळं सुख तिच्या हलण्यात आहे आणि तेच तिथे नाही. त्यापेक्षा एकरंगी गिटार घ्यावी.

विनियरला मात्र 'खोटी' म्हणणं मला पटत नाही. ते त्याच झाडाचं लाकूड आहे आणि प्रकाशात तसंच वागतं. पीआरएस या गिटार कंपनीच्या एसई मालिकेतल्या कस्टम २४ वर मेपलच्या टॉपवर फ्लेमचं विनियर असतं, आणि ती गिटार गंभीरपणे वाजवणारे लोकही वाजवतात. फरक दोन ठिकाणी पडतो. पापुद्रा खोल वळणावर नीट बसत नाही, म्हणून अशा गिटारींची कोरणी उथळ असते, आणि खोल कोरणीवर लाटा जशा दरीत उतरून पुन्हा चढतात ते तिथे दिसत नाही. दुसरा फरक दुरुस्तीत. पुढेमागे रंग काढून नवा करायचा झाला तर अख्ख्या टॉपवर पॉलिश पेपर बिनधास्त चालवता येतो. विनियरवर दोन हात जास्त फिरले की पापुद्रा फाटून खालचं लाकूड उघडं पडतं. ओळखायचं असेल तर कड पाहा. बाइंडिंग, म्हणजे कडेला चिकटवलेली पट्टी, नसेल तर अख्ख्या टॉपच्या लाटा कडेवरून वळून खाली उतरतात. दुकानदार तयार असेल तर पिकअपची (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागाची) रिंग सोडवून आत डोकवा, थर तिथे स्पष्ट दिसतात.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. फ्लेम असलेल्या आणि नसलेल्या मेपलमध्ये ऐकू येईल असा फरक मला कधी जाणवला नाही. पिकअप, तारा, सेटअप (तारांची उंची वगैरेची जुळवणी) आणि अँप यांच्यापुढे ते लाटांचं नक्षीकाम कानाला कळत नाही. गिब्सन कंपनीची लेस पॉल ही गिटार १९५२ मध्ये आली तेव्हा तिचा मेपलचा टॉप सोनेरी रंगाखाली पूर्ण झाकलेला होता. १९५८ ते १९६० मध्ये त्याच गिटारला सनबर्स्ट, म्हणजे मध्ये फिका आणि कडेला गडद असा पारदर्शक रंग दिला आणि खालचं लाकूड दिसायला लागलं. आज त्या सनबर्स्ट जगातल्या सगळ्यात महागड्या इलेक्ट्रिक गिटारींत मोडतात. त्यांतला लाल रंग उन्हाने उडायचा, म्हणून त्याच काळातली एखादी चेरी लाल दिसते, तर एखादी पिवळट लिंबासारखी.

आता फिनिश, म्हणजे लाकडावर चढवलेला संरक्षक थर. वडोदऱ्यात राहणाऱ्याने इथे जास्त वेळ द्यावा, कारण टॉप आपण बघतो, पण हात लागतो तो फिनिशला. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर, पावसाळ्यात भिंतींना ओल आणि मग नवरात्रात नऊ रात्री घामाने भिजलेला हात. आपल्याकडे गिटार खऱ्या अर्थाने राबते ती त्या नऊ रात्री.

आज बहुतेक गिटारींवर पॉलीयुरेथेन किंवा पॉलीएस्टर असतं. घरच्या फर्निचरवर सुतार जे पीयू पॉलिश करतात त्याच जातीचं. ते रासायनिक क्रियेने घट्ट होतं आणि मग विरघळत नाही. घामाला, ओलीला दाद देत नाही. चकचकीत थराखाली फ्लेमला खोली येते, जणू स्वच्छ पाण्याच्या तळाशी लाटा आहेत. दोष एवढाच की आपटली तर टवका उडतो आणि तो अदृश्य करणं कठीण.

नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ असतं. त्याचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे दुरुस्ती सुंदर होते. वयानुसार ते पिवळसर होतं आणि फ्लेमवर मधाची झाक चढते. मला ते सर्वांत देखणं वाटतं. पण माझी अशीच एक गिटार मी एका उन्हाळ्यात स्वस्तातल्या स्टँडवर ठेवून महिनाभर गावी गेलो. परतलो तर स्टँडच्या रबराने लॅकर मऊ करून दोन्ही बाजूंना बोटभर लांब चिकट वळ उमटवले होते. अजून आहेत. नायट्रो घ्यायची तर केसमध्ये ठेवायची, तापलेल्या गाडीतून थेट एसी हॉलमध्ये उघडायची नाही, नाहीतर बारीक तडे जातात. आणि गरब्याला निघताना हाताला डासांचं मलम चोळलं असेल तर ते धुवून मगच तिला हात लावायचा, कारण त्यातली काही द्रव्यं लॅकर खातात.

तेलाचं किंवा मॅट फिनिश हाताला फार गोड लागतं. नेकवर, म्हणजे गिटारच्या मानेवर, मला तेच आवडतं, घामात बोट अडत नाही. टॉपवर मात्र मॅट थर प्रकाश विखुरतो आणि लाटा दबतात. तेल लावलेल्या टॉपवर फ्लेम छान उठते, पण कोपर टेकतं तिथे दोन मोसमांत काळा डाग धरतो. पुन्हा तेल लावणं सोपं आहे. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून, बाहेर वाळवायची.

पारदर्शक थराखालून चमक आणायची कला आपल्याला परकी नाही. जवळच्या संखेड्यात सागवानावर कलईची नक्षी काढून वर लाख चढवतात आणि चांदीसारखी रेघ सोन्याची दिसू लागते. गिटारवाले ते रंगाने करतात. आधी काळा रंग लाकडात मुरवतात, मग घासून काढतात. काळा फक्त टोकं वर आलेल्या पट्ट्यांत उरतो आणि वरून निळा किंवा लाल दिला की लाटा उठून दिसतात. काळा जास्त उरला तर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात आणि लाटांची हालचाल मरते. निवडायचं झालं तर मी मधाचा किंवा फिका तपकिरी घेईन.

भाच्याला मी सांगितलं ते असं. गरब्याच्या स्टेजवर वाजवणार आणि हॉस्टेलच्या खोलीत ठेवणार असशील तर विनियर आणि चकचकीत पॉली, उरलेल्या पैशात चांगला सेटअप आणि मजबूत केस. चार-पाच वर्षांनी हात बसला, घरी तिची जागा पक्की झाली, की खोल कोरलेला अख्खा टॉप, आणि जपायची तयारी असेल तर नायट्रो. रविवारी आम्ही रावपुऱ्यात गेलो. त्याने तीन गिटारी एकामागून एक दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन कलत्या केल्या. तिसरीवर बराच वेळ थांबला आणि मग म्हणाला, "ही वाजवून बघतो."