दोन हजारांच्या आतली परदेशी रेड, आपल्या ताटाशेजारी

दिंडोरीला आमची द्राक्षबाग आहे आणि तिचा काही भाग वाइनच्या द्राक्षांचा. नाशिकची रेड घरात असतेच, आणि ती चांगली असते. त्यामुळे परदेशी बाटलीला जास्तीचे पैसे मोजायचे तर तिने इथे न मिळणारं काहीतरी दिलं पाहिजे, हा माझा पहिला निकष. दुसरा निकष जेवणाचा. चीजबरोबर बहुतेक वाइन बऱ्या लागतात. आपल्या मिरचीसमोर मात्र त्यांची कसोटी लागते. अल्कोहोल चढं असेल तर तिखटाची आग वाढते, टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश, कडक असेल तर तुरटपणा जिभेवरून हलत नाही.

आधी पैशांचं बघू. आयात शुल्क एकूण 150 टक्के, त्यावर राज्याचे कर, आयातदार आणि दुकानदाराचा नफा. म्हणजे आपण दोन हजाराला घेतो ती त्यांच्याकडची रोजच्या जेवणातली वाइन असते, आणि तिला तसंच जोखायला हवं. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. त्यात 5 ते 15 डॉलर आयात किमतीच्या बाटलीवरचं शुल्क 100 टक्क्यांवर आलं आणि दहा वर्षांत ते 50 वर उतरायचं आहे. त्याखालच्या बाटलीला सवलत नाही, म्हणजे सगळ्यात स्वस्त बाटली घेणाऱ्याला या कराराचा उपयोग शून्य.

या किमतीत मला सगळ्यात आवडलेली वाइन चिलीची आहे, कासिय्येरो देल दियाब्लोची कार्मेनेर. कॉन्चा इ तोरो या 1883 सालच्या कंपनीची. कार्मेनेर हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या बोर्दोचं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेराने, म्हणजे मुळांवरच्या किडीने, तिथल्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि नव्या लागवडीत या जातीला जवळजवळ कुणी घेतलं नाही. त्याआधीच तिच्या काड्या चिलीला पोचल्या होत्या. तिथे ती मेर्लो या दुसऱ्या जातीच्या ओळींत मिसळून गेली आणि मेर्लो म्हणूनच तोडली जाऊ लागली. 1994 मध्ये झाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने कार्मेन वायनरीच्या बागेत तिला ओळखलं. बाग करणाऱ्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. मेर्लो काही आठवडे आधी पिकते, कार्मेनेर मागे राहते. दोन्हींची एकत्र तोडणी केली की अर्धा माल कच्चा, आणि वाइनला हिरवट वास. जात ओळखली गेली, तोडणी वेगळी झाली, तेव्हा कुठे या वाइनची खरी चव लोकांना कळली. चिलीत फिलॉक्सेरा अजून पोचलेला नाही, म्हणून बऱ्याच वेली तिथे कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचं कुणी मनातही आणत नाही, त्यामुळे मला याचं फार अप्रूप वाटतं.

ग्लासात रंग गडद जांभळा. पहिला वास भाजलेल्या ढोबळ्या मिरचीचा, मग पिकलेलं जांभूळ, मागे थोडी कॉफी. टॅनिन मऊ. ही वाइन मी खानदेशी भरिताबरोबर घेते, आणि तिथे ती विलक्षण लागते. वांग्याचा धुरकट वास आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या यांना ती आपलंसं करते. इतकी जवळीक मला आमच्या नाशिकच्या कुठल्याही रेडमध्ये मिळालेली नाही. मिरच्या जरा हाताने कमी घाला, एवढंच.

दुसरा नंबर अर्जेंटिनाच्या त्रापिचे माल्बेकचा. माल्बेकही फ्रान्सचंच द्राक्ष, 1853 च्या सुमारास मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने ते मेंदोसाला नेलं. तिथल्या कित्येक बागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास आहेत आणि अँडीजच्या बर्फाच्या पाण्यावर जगतात. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. त्यामुळे फळ पुरतं पिकतं, पण आंबटपणा टिकतो. काळ्या मसाल्याच्या मटणासमोर ही वाइन ठाम उभी राहते.

ऑस्ट्रेलियाच्या जेकब्स क्रीकची शिराझ-कॅबर्ने नीटनेटकी आहे, बऱ्याच दुकानांत सापडते आणि पाहुण्यांसमोर ठेवायला बिनधोक. पण शिराझ आमच्याकडेही उत्तम पिकते, म्हणून माझ्या पहिल्या निकषावर ती मागे पडते. येलो टेल या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन नावाची शिराझ गोडसर आहे. माझ्या वहिनीला रेडचा तुरटपणा सोसत नाही, ती म्हणते, “ताई, मला हीच आणत जा.” तिखट चिकन सुक्क्याबरोबर तो गोडवा खरंच कामाला येतो. एका स्वस्त बोर्दोचं मात्र नाव लिहीत नाही: पातळ, आंबट, आणि रश्श्याच्या पहिल्या घासाला कडू. फ्रान्सचं लेबल पाहून या किमतीत भुलू नका.

बाटली कशी ठेवली होती, यावर चवीचा निम्मा हिशेब असतो. आमच्या भागातल्या एका दुकानात परदेशी वाइन काचेच्या शोकेसमध्ये, उन्हाच्या बाजूला, वर्षानुवर्षं उभ्या असतात. तिथली एक बाटली उघडली तर मुरांब्यासारखा शिजलेला वास आणि कडेला तपकिरी झाक. बूच वर आलेलं असेल किंवा तोंडाशी चिकट ओघळ असेल तर घेऊ नका. लेबलवरचं साल बघा. या वाइन मुरवायच्या नसतात, तीन-चार वर्षांच्या आतली मागा. स्क्रू कॅप बघून नाक मुरडायचं कारण नाही, आपल्या उन्हाळ्यात सुकणाऱ्या बुचापेक्षा मला तीच भरवशाची वाटते.

आणि रेड वाइन “रूम टेंपरेचरला” प्यायची, हे युरोपातल्या थंड घरांसाठी ठीक आहे. तिला लागतं साधारण 16 ते 18 अंश. एप्रिलमध्ये, आमच्याकडे खरड छाटणी चालू असते तेव्हा, घरात संध्याकाळीही बत्तीसच्या खाली उतरत नाही. अशा वेळी बाटली तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम वाइनमध्ये आधी अल्कोहोलच नाकात जातं आणि चांगली बाटलीसुद्धा भडक लागते.

उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रीजमध्येच ठेवा. कार्मेनेर दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवलेली बरी, तिचा वास लवकर उडतो. माल्बेक दुसऱ्या रात्री आणखी मऊ होते, शिळ्या मटणाबरोबर तर ती मला पहिल्या रात्रीपेक्षा जास्त आवडते.